दोन शब्दांमधली छोटी रेघ

समजा, शाळेच्या प्रयोगशाळेसाठी चंचुपात्रे मागवायची आहेत आणि मागणीपत्र इंग्रजीत लिहायचे आहे. आपण त्यात लिहिले, 'टू हंड्रेड मिलिलिटर बीकर्स'. आता दुकानदाराने काय पाठवावे? 'टू' या शब्दानंतर किंचित थांबून वाचले तर १०० मिलिलिटरची २ पात्रे, असा अर्थ होतो. 'टू हंड्रेड मिलिलिटर' एका दमात वाचले तर २०० मिलिलिटरची पात्रे, असा अर्थ निघतो. ती किती हवीत हे मात्र कळत नाही. दुकानदार फारच काटेकोर असेल तर तो १ मिलिलिटरची २०० पात्रेही पाठवील!

बोलताना हा घोटाळा होत नाही. कुठे थांबायचे आणि कुठे शब्द जोडून म्हणायचे, हे आपला आवाज सांगतो. कागदावर आवाज नसतो. तिथे हे काम एक छोटी आडवी रेघ करते. 'टू हंड्रेड-मिलिलिटर बीकर्स' असे लिहिले की १०० मिलिलिटरची २ पात्रे. 'टू-हंड्रेड-मिलिलिटर बीकर्स' असे लिहिले की २०० मिलिलिटरची पात्रे. शब्द तेच, क्रम तोच, फरक फक्त एका रेघेचा. (या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीतच दिले आहेत. वर्गात सांगताना ते फळ्यावर रोमन लिपीत लिहावेत.)

या रेघेला इंग्रजीत 'हायफन' म्हणतात आणि मराठी व्याकरणात 'संयोगचिन्ह'. शाळेत ती बहुधा शेवटच्या तासाला, उरलेल्या विरामचिन्हांबरोबर शिकवली जाते. नियम पाठ करायला दिले जातात. त्या नियमांना अपवाद इतके, की विद्यार्थी लवकरच वैतागतो. एका पुस्तकात 'टेस्ट-ट्यूब' असे रेघ देऊन छापलेले असते, दुसऱ्यात 'टेस्ट ट्यूब' असे सुटे. मग उत्तरपत्रिकेत यांपैकी एकाला चूक म्हणावे का? आणि चूक म्हटले, तर वरच्या चंचुपात्रांची चूक आणि ही चूक एकाच मापाने मोजावी का? याचे उत्तर नियमांच्या यादीत सापडत नाही. त्यासाठी या रेघेचा इतिहास पाहावा लागतो.

शब्द सुटे नव्हते तेव्हा

'हायफन' हा शब्द मूळचा ग्रीक. त्यात 'खाली' आणि 'एक' या अर्थाचे दोन शब्द आहेत. 'एकाखाली', म्हणजेच 'एकत्र', असा त्याचा अर्थ. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती. अक्षरांची माळ सलग चालू राही आणि शब्द कुठे संपतो हे वाचणाऱ्याने ठरवायचे असे. आपल्याला हे नवलाचे वाटायला नको. मोडी लिपीतले कागदही असेच सलग लिहिलेले असत.

अशा लेखनात अडचण कशी येते ते मराठीतच पाहू. 'त्यालाकामनाही' ही अक्षरे वाचा. 'त्याला काम नाही' असे वाचले तर माणूस बेकार ठरतो. 'त्याला कामनाही' असे वाचले तर त्याला इतर गोष्टींबरोबर इच्छाही आहेत असे होते. संदर्भ माहीत असेल तर वाचक अडखळत नाही. नसेल तर अडखळतो.

ग्रीक वैयाकरणांनी यावर दोन खुणा योजल्या होत्या. जिथे अक्षरे तोडून वाचली जाण्याची भीती असेल, तिथे त्या अक्षरांच्या खाली धनुकलीसारखी एक वाकडी रेघ काढायची. हाच पहिला हायफन. उलट, जिथे दोन शब्द चुकून एकत्र वाचले जातील, तिथे स्वल्पविरामासारखी खूण करून ते वेगळे दाखवायचे. म्हणजे हे चिन्ह लेखनाच्या शोभेसाठी आले नाही. शंका येईल अशाच जागी वाचणाऱ्याला हात देण्यासाठी ते आले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी आपल्याला याच मुद्द्याकडे यायचे आहे.

पुढे इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडमधल्या मठांतले लेखनिक लॅटिन ग्रंथांच्या नकला करताना शब्दांमध्ये नियमितपणे जागा सोडू लागले. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती, ती त्यांना शिकावी लागे. परकी भाषा वाचणाऱ्याला शब्द सुटे दिसले तर सोपे जाते, हे आपल्या वर्गातही रोज दिसतेच. ही पद्धत हळूहळू युरोपभर पसरली. शब्द सुटे झाल्यावर तोडण्याच्या खुणेची गरज संपली. जोडण्याच्या खुणेला मात्र नवी कामे मिळाली.

ओळीच्या टोकाला

पहिले नवे काम ओळीच्या शेवटी होते. शब्द ओळीत मावला नाही तर तो तोडून उरलेला भाग पुढच्या ओळीत न्यायचा आणि 'शब्द अजून संपलेला नाही' हे रेघेने सांगायचे. जर्मनीतल्या माइन्झ शहरात गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास लॅटिन बायबल छापले. त्यात एका स्तंभात ४२ ओळी असत. सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या करण्यासाठी त्याने शब्द मोकळेपणाने तोडले आणि तुटलेल्या शब्दापुढे दोन तिरप्या रेघांची खूण स्तंभाच्या किंचित बाहेर, समासात बसवली. आज आपण पाहतो तो हायफन या खुणेचा वंशज आहे.

ओळीच्या टोकाचा हा हायफन त्या शब्दाचा भाग नसतो. मजकुराची मांडणी बदलली की तो नाहीसा होतो. तरी तो कुठेही देऊन चालत नाही. इंग्रजीत मनुष्यवधाला 'मॅनस्लॉटर' म्हणतात. त्याच्या रोमन अक्षरांतली पहिली चार एका ओळीत आणि उरलेली पुढच्या ओळीत गेली, तर वाचणाऱ्याला 'माणसाचे हसू' दिसते! जुळाऱ्यांना अशा जागा अनुभवाने माहीत असत. संगणकाला मात्र त्या शिकवाव्या लागल्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड क्नुथ यांचे विद्यार्थी फ्रँकलिन लियांग यांनी १९८३ साली याच विषयावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. त्यांनी शब्दांची यादी पाठ करवण्याऐवजी अक्षरांच्या सुमारे ४,५०० आकृतिबंधांवरून तोडण्याची जागा ठरवणारी रीत शोधली. खिशातल्या शब्दकोशाच्या यादीतल्या ८९ टक्के जागा या रीतीने सापडल्या आणि चूक जवळजवळ झाली नाही. प्रबंधाच्या शीर्षकातले मोठे शब्दही लियांग यांनी हायफन देऊन तोडून छापले होते.

इंग्रजीतले समास

दुसरे काम म्हणजे दोन शब्दांचा एक शब्द करण्याचे, आणि आपला खरा विषय हाच आहे. जोडशब्द करण्याची इंग्रजीला फार आवड. परंतु ती ते तीन तऱ्हांनी लिहिते: सुटे, रेघ देऊन आणि सलग. जर्मन भाषा तिची जवळची नातेवाईक. पण जर्मनमध्ये असे शब्द सामान्यतः सलगच लिहितात, मग ते कितीही लांब होवोत. इंग्रजीने मात्र तिन्ही दारे उघडी ठेवली आणि तिथूनच गोंधळ सुरू झाला.

संस्कृत आणि मराठीचे व्याकरण शिकलेल्या शिक्षकाला हा भाग सोपा जावा. आपण ज्याला समास म्हणतो तेच हे. युरोपातल्या भाषाशास्त्रज्ञांनी संस्कृत शिकल्यावर समासांची संस्कृत नावेच उचलली. आजही इंग्रजी भाषाशास्त्राच्या पुस्तकांत बहुव्रीही, तत्पुरुष आणि द्वंद्व ही नावे रोमन लिपीत सापडतात. 'रेडहेड' म्हणजे तांबडे डोके नव्हे, तर तांबड्या केसांचा माणूस. हा सरळ बहुव्रीही.

दोन शब्दांचा एक शब्द झाला हे ओळखायचे कसे? संस्कृत वैयाकरणांनी एक खूण सांगितली आहे. समास झाला की सामान्यतः सगळ्या शब्दावर एकच मुख्य स्वर राहतो. पतंजलीच्या महाभाष्यात 'इंद्रशत्रू' या शब्दाचा दाखला आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. शेवटच्या अक्षरावर स्वर दिला असता तर 'इंद्राचा शत्रू' असा तत्पुरुष झाला असता. स्वर पहिल्या अक्षरावर पडला आणि 'इंद्र ज्याचा शत्रू आहे तो' असा बहुव्रीही झाला. परिणामी इंद्राऐवजी तो पुत्रच मारला गेला.

इंग्रजीत स्वराच्या जागी आघात असतो. 'ब्लॅक बर्ड' म्हणताना दोन्ही शब्दांवर जोर दिला तर कोणताही काळा पक्षी. पहिल्यावरच जोर देऊन 'ब्लॅकबर्ड' म्हटले तर एक विशिष्ट जातीचा पक्षी. त्याची मादी तर तपकिरी असते. 'ग्रीन हाउस' हे हिरवे घर आणि 'ग्रीनहाउस' हे रोपांसाठीचे काचघर. हरितगृह परिणाम शिकवताना हा फरक सांगितला तर काचघराला 'हरित' का म्हणतात हेही मुलांना कळेल. आघात कागदावर दिसत नाही, म्हणून लिहिताना जागा सोडणे, रेघ देणे किंवा सलग लिहिणे या तीन खुणांवर भागवावे लागते.

शब्दाची वाढ

पुष्कळ जोडशब्दांची वाढ ठरावीक टप्प्यांनी होते. आधी दोन शब्द शेजारी शेजारी येतात. वापर वाढला की त्यांच्यामध्ये रेघ येते. शब्द पूर्ण ओळखीचा झाला की रेघ गळून पडते. आज आपण 'टुडे' हा शब्द सलग लिहितो. जुन्या इंग्रजीत हे दोन सुटे शब्द होते. पुढे ते 'टू-डे' असे लिहिले जाऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही रेघ छापील पुस्तकांत सर्रास दिसे. 'टुमॉरो' आणि 'टुनाइट' यांचेही तेच. जुन्या ग्रंथालयात त्या काळचे एखादे इंग्रजी पुस्तक असेल तर मुलांना ही रेघ शोधायला सांगावी.

गावांच्या नावांतही असे घडले. न्यूयॉर्क शहराचे नाव एके काळी रेघ देऊन लिहीत. 'न्यूयॉर्क टाइम्स' या १८५१ साली निघालेल्या वृत्तपत्राने आपल्या नावातली ही रेघ १ डिसेंबर १८९६ रोजी काढून टाकली. त्याच शहरातल्या, १८०४ साली स्थापन झालेल्या इतिहास संस्थेने मात्र ती दोनशेहून अधिक वर्षे जपली. २०२४ साली संस्थेने नाव बदलले, तेव्हा तीही गेली.

विज्ञानातल्या शब्दांत हा प्रवास आणखी स्पष्ट दिसतो, कारण तिथे शब्दाचा जन्म कधी झाला ते बहुधा माहीत असते. १८२० साली ओरस्टेडने विजेच्या प्रवाहाजवळ चुंबकसूची हलते हे दाखवले. वीज आणि चुंबकत्व यांचे नाते तेव्हा अगदी नवे होते. पुढच्याच वर्षी फॅरेडे यांनी या विषयावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात 'इलेक्ट्रो' आणि 'मॅग्नेटिक' यांच्यामध्ये रेघ होती. १८६५ साली मॅक्सवेल यांचा विद्युतचुंबकीय क्षेत्रावरचा प्रसिद्ध निबंध छापला गेला, तेव्हा शीर्षकातला हा शब्द सलग झाला होता. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८४९ साली 'थर्मो-डायनॅमिक' हा शब्द रेघ देऊन वापरला. आज उष्मागतिकीच्या कोणत्याही इंग्रजी पुस्तकावर ही रेघ दिसणार नाही. दोन वेगळ्या गोष्टींचे एकच शास्त्र झाले आणि शब्दातली रेघही गळाली.

पण विज्ञानातली प्रत्येक रेघ काळाबरोबर जात नाही. रसायनशास्त्रात '२-मिथाइलप्रोपेन' असे नाव लिहितात. आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये रेघ द्यायची, दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम द्यायचा आणि 'मिथाइल' व 'प्रोपेन' सलग लिहायचे, हा आंतरराष्ट्रीय नामकरणाचा नियम आहे. इथे रेघेची जागा सवयीने ठरत नाही, कराराने ठरते.

नियम करणारे आणि नियम मोडणारे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शब्दकोशकारांना आणि छापखान्यांना या गोंधळाचा त्रास होऊ लागला. अमेरिकेत फ्रान्सिस होरेस टील यांनी १८९१ साली केवळ इंग्रजी जोडशब्दांच्या लेखनावर एक पुस्तक लिहिले. इंग्लंडमध्ये हेन्री फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध वापरकोशात हायफनसाठी सविस्तर नोंद केली. तरीही शब्दकोशांचे एकमत झाले नाही. कारण शब्दकोश भाषेच्या मागून चालतो आणि जोडशब्द तर वाटेतच रूप बदलत असतात.

हा वाद व्याकरणापुरता राहिला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'जर्मन-अमेरिकन', 'आयरिश-अमेरिकन' अशा नावांतली रेघ राजकारणाचा विषय झाली. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १२ ऑक्टोबर १९१५च्या भाषणात अशा 'रेघवाल्या अमेरिकनांना' देशात जागा नाही असे बजावले. १९१९ साली अध्यक्ष विल्सन यांनी तर रेघ बाळगणाऱ्या माणसाची तुलना खंजीर बाळगणाऱ्याशी केली. रेघ दोन शब्द जोडते. त्यांना मात्र ती निष्ठा विभागणारी वाटली. पुढे वृत्तसंस्था असोसिएटेड प्रेसने २०१९ साली आपल्या लेखनपुस्तिकेत 'आफ्रिकन अमेरिकन' यांसारख्या नावांतली रेघ काढून टाकली. या वेळी कारण उलटे होते: ही रेघ त्या लोकांना अर्धवट अमेरिकन ठरवते, असा आक्षेप होता. एकाच रेघेचे दोन विरुद्ध अर्थ लावले गेले. शब्दांच्या जोडणीकडे माणसे किती गंभीरपणे पाहतात ते यावरून दिसते.

एक कळ, तीन चिन्हे

याच सुमारास यंत्रांनीही गोंधळात भर घातली. वजाबाकीची रेघ हायफनहून वेगळी आहे. योहानेस विडमान यांच्या लाइपझिगला १४८९ साली छापलेल्या पुस्तकात ती अधिकच्या चिन्हासह दिसते. वाक्यात येणारी लांब रेघ, म्हणजे अपसारणचिन्ह, हीही वेगळी. छापखान्यात या तिघींचे खिळे वेगळे असत. टंकयंत्रावर मात्र जागा कमी, म्हणून एकाच कळीने तिन्ही कामे भागवली. १९६३ साली संगणकासाठी आस्की ही संकेतप्रणाली ठरली, तेव्हा हायफन आणि वजाबाकी यांना मिळून ४५ हा एकच क्रमांक मिळाला. पुढे युनिकोडने दोघांना स्वतंत्र जागा दिल्या. पण कळफलकावरची ती एक कळ आजही दोघांची आहे.

हायफनवर एक भलताच आळही आला. २२ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने शुक्राकडे 'मरिनर १' हे यान सोडले. ते मार्ग सोडून भरकटले आणि उड्डाणानंतर २९३ सेकंदांनी ते मुद्दाम नष्ट करावे लागले. मार्गदर्शनाच्या संगणक-सूचनांत एक हायफन गळाला होता, असे तेव्हा सांगितले गेले. नंतर आर्थर सी. क्लार्क यांनी त्याला इतिहासातला सर्वांत महागडा हायफन ठरवले. प्रत्यक्षात गळाली होती ती एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ. ती रेघ 'या राशीची सरासरी काढून गुळगुळीत केलेली किंमत घ्या' असे सांगते. ती नसल्यामुळे संगणकाने किरकोळ चढउतारही खरे मानले. शिवाय रॉकेटवरच्या रेडिओ-यंत्रणेत बिघाड होता म्हणूनच ही चूक बाहेर आली. पाचच आठवड्यांनी, २७ ऑगस्टला, 'मरिनर २' उडाले आणि १४ डिसेंबर १९६२ रोजी शुक्राजवळून गेले. थोडक्यात, त्या घटनेत हायफन निर्दोष होता. पण लहानशा रेघेलाही नेमका अर्थ असतो, हे त्यातून दिसलेच.

सोळा हजार रेघा गेल्या

२००७ साली 'शॉर्टर ऑक्सफर्ड' या इंग्रजी शब्दकोशाची सहावी आवृत्ती निघाली. तिच्यातून सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढून टाकले होते. संपादकांनी २०००नंतरच्या पुस्तकांतले, वृत्तपत्रांतले आणि संगणक-जालावरचे मिळून २ अब्जांहून अधिक शब्द तपासले. लोक ही रेघ देईनासे झाले आहेत असे त्यांना आढळले. 'आइस-क्रीम' आणि आपला 'टेस्ट-ट्यूब' यांचे दोन सुटे शब्द झाले. 'बम्बल-बी' आणि 'पिजन-होल' सलग झाले. २०११ साली असोसिएटेड प्रेसने 'ई-मेल'मधली रेघही काढली. पत्र पाठवण्याची ही रीत तोवर इतकी सरावाची झाली होती, की शब्दाला आधाराची गरज उरली नव्हती.

म्हणजे २००६ साली ज्या विद्यार्थ्याने 'टेस्ट-ट्यूब' लिहिले त्याला या शब्दकोशाचा आधार होता आणि २००८ साली लिहिणाऱ्याला नव्हता. दोघांच्या ज्ञानात काही फरक होता का? मुळीच नाही.

मग शिकवायचे काय?

या इतिहासातून आम्हाला एक गोष्ट स्पष्ट दिसते. हायफन दोन प्रकारचे आहेत. एक सवयीचा हायफन. तो शब्दाच्या वाढीतला एक टप्पा असतो. तो येतो, राहतो आणि जातो. त्याची आजची जागा शब्दकोश सांगेल. दुसरा अर्थाचा हायफन. तो वाचणाऱ्याची शंका दूर करतो. ग्रीकांच्या धनुकलीचे काम तोच पुढे चालवतो. सोळा हजार रेघा गेल्या तरी चंचुपात्रांच्या मागणीतली रेघ गेलेली नाही आणि जाणारही नाही.

शिकवताना भर द्यायचा तो दुसऱ्या प्रकारावर. त्याचे मुख्य प्रसंग मोजकेच आहेत.

पहिला प्रसंग, दोन शब्द मिळून पुढच्या नामाचे एकच विशेषण होते तेव्हाचा. 'मॅन-ईटिंग शार्क' म्हणजे नरभक्षक शार्क मासा. रेघ काढली तर शार्क खाणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हेच विशेषण नामाच्या नंतर आले तर शंका राहत नाही आणि रेघ बहुधा लागत नाही: 'ए वेल-नोन सायंटिस्ट', पण 'द सायंटिस्ट इज वेल नोन'. 'न्यूली डिस्कव्हर्ड प्लॅनेट' यातही रेघ नको. 'न्यूली' हे क्रियाविशेषण पुढच्या शब्दालाच चिकटणार हे त्याच्या रूपावरूनच कळते.

दुसरा प्रसंग संख्यांचा. 'ट्वेंटी-वन'पासून 'नाइंटी-नाइन'पर्यंतच्या जोडसंख्या शब्दांत लिहिताना रेघ येते. संख्या आणि एकक मिळून विशेषण झाले तर रेघ येते आणि एकक एकवचनी राहते: 'ए टेन-मीटर रॉड'. मात्र आकडा आणि एककाचे चिन्ह यांच्यामध्ये रेघ द्यायची नाही, जागाच सोडायची. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचा हा संकेत आहे आणि विशेषण असतानाही तो पाळायचा असतो. इंग्रजीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी याविषयी आपसांत बोलून घेतले तर बरे, नाहीतर एकाने शिकवलेले दुसरा खोडतो.

तिसरा प्रसंग उपसर्गांचा. 'रिसाइन' आणि 'री-साइन' यांची रोमन अक्षरे तीच. पहिल्याचा उच्चार 'रिझाइन' होतो आणि अर्थ राजीनामा देणे. दुसऱ्याचा अर्थ पुन्हा सही करणे. करार नूतन करायचा असताना ही रेघ गळाली तर केवढा अनर्थ! रसायनाच्या वर्गासाठी याहून चांगले उदाहरण आहे. 'अन-आयनाइज्ड' म्हणजे ज्याचे आयनीभवन झालेले नाही असे. यातली रेघ काढली की नेमकी तीच अक्षरे 'युनियनाइज्ड' अशी वाचता येतात, म्हणजे कामगार संघटना असलेले. कोणता वाचक काय वाचील हे त्याच्या धंद्यावर अवलंबून!

सवयीच्या हायफनाबाबत मात्र उदार राहावे. शाळेने एखादा चांगला शब्दकोश ठरवावा आणि एका निबंधात एक शब्द एकाच तऱ्हेने लिहिला जावा एवढा आग्रह धरावा. विद्यार्थ्याने 'ई-मेल' रेघ देऊन लिहिले म्हणून गुण कापण्यात काही अर्थ नाही. उलट 'टू हंड्रेड मिलिलिटर' असे मोघम लिहून तो पुढे गेला तर तिथे थांबवून विचारावे, 'अरे, नेमकी किती पात्रे?'

हा विचार मराठीलाही लागू आहे. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. १८५० साली त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका लिहिली. त्या चिन्हांबरोबर संयोगचिन्हही आपल्याकडे स्थिरावले. आपणही 'आई-वडील' लिहितो आणि 'आईवडील'ही लिहितो. अर्थ दोन्हीकडे तोच राहतो. ही सवयीची रेघ.

वर्गात करण्याजोगा एक साधा उपक्रम सुचवतो. फळ्यावर रेघ नसलेली पाच-सहा इंग्रजी वाक्ये लिहावीत: चंचुपात्रांचे, शार्कचे, पुन्हा सही करण्याचे. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने प्रत्येक वाक्याचे जमतील तेवढे अर्थ मराठीत सांगावेत. दुसऱ्या गटाने त्यांतला एकच अर्थ उरेल अशी रेघ द्यावी. नियम आधी सांगू नयेत. अर्थ लावता लावता मुले बहुतेक नियम स्वतःच शोधतात. जिथे रेघ देऊन किंवा काढून अर्थ बदलतच नाही, अशी वाक्येही त्यांनी वेगळी काढावीत. तिथे शब्दकोश उघडावा, आणि दोन शब्दकोशांत दोन उत्तरे मिळाली तर त्यांची प्रकाशनाची वर्षे पाहावीत. भाषा बदलते म्हणजे काय, हे मुलांना त्या दोन वर्षांच्या अंतरात दिसेल.